उद्या छज्जा खोलायचा आहे

उस्ताद, उद्या सकाळी साखरा गावात एका घराच्या छज्ज्याखालच्या टेकूच्या बल्ल्या काढायच्या आहेत आणि मला भीती वाटते आहे. हे मी दुसऱ्या कुणाला सांगू शकत नाही. घरी सांगितलं तर म्हणतील, मग जाऊच नकोस. प्रशिक्षण केंद्रात सांगितलं तर म्हणतील, मॅडम, तुम्हीच असं बोलायला लागलात तर पोरांनी काय करायचं. हो, मला मॅडम म्हणतात. तुम्ही असता तर हसता हसता ठसका लागला असता तुम्हाला. आईच्या मागे घमेलं घेऊन आलेली पोरगी, जिला तुम्ही नुसतं 'क्या गे' म्हणून हाक मारायचात, ती आता हिंगोलीत पत्र्याच्या शेडमध्ये गवंडीकाम शिकवते आणि गळ्यात ओळखपत्र घालून फिरते. तुम्ही जाऊन इतकी वर्षं झाली की माझ्या हाताखालच्या एकानेही तुम्हाला पाहिलेलं नाही. तरी तुम्हालाच लिहिते, कारण छज्जा म्हटल्यावर मी का घाबरते हे तुम्हाला समजावून सांगावं लागणार नाही.

आत्ता दुपार आहे. समोर माझी बॅच भिंत बांधते आहे. इथली भिंत मातीत बांधायची असते. सिमेंट वापरलं तर वीट परत निघत नाही, आणि विटा पुढच्या बॅचलाही लागतात. सकाळी भिंत उभी राहते, मी ओळंबा लावून बघते, वाकडी असली तर रागावते, आणि सुट्टीच्या आधी तीच पोरं हसतखेळत ती पाडून विटा रचून ठेवतात. चुकली तरी पडते, बराबर आली तरी पडते. तुम्हाला हे मुळीच आवडलं नसतं. मलाही आवडत नाही, पण काय करणार? गावोगाव घरकुलं मंजूर झाली आहेत, हिंगोलीच्या चारी बाजूंना प्लॉट पडले आहेत, आणि बांधायला माणूस नाही. तुमच्या वेळचे मिस्त्री थकले. त्यांची पोरं पुण्याला नाहीतर हैदराबादला गेली आणि जी मागे राहिली त्यांना उन्हातलं काम नको. म्हणून आता काही आठवड्यांचा कोर्स काढून मिस्त्री तयार करायचे ठरले आहे. कोर्स संपायच्या आधीच ठेकेदार गेटाशी येऊन उभे राहतात, लग्नात पहिली पंगत उठायच्या आधीच दुसरी मागे येऊन उभी राहते ना, तसे. "मॅडम, दोन मिस्तरी द्या." मी म्हणते, अहो, हे मिस्त्री नाहीत, शिकताहेत अजून. "सर्टिफिकेट भेटणार हाय ना? मंग बास झालं. बाकी आमी शिकवून घेतो." कोण शिकवून घेतो, उस्ताद? त्यांच्याकडे शिकवणारा असता तर ते माझ्या गेटाशी कशाला आले असते?

तुमच्याकडे मी आले तेव्हा कोर्स वगैरे काही नव्हतं. थापीला तर तुम्ही हातच लावू दिला नाही. वाळू चाळ. वीट भिजव. हौदात वीट टाकली की बुडबुडे येतात, ते थांबेपर्यंत तिच्याकडे बघत बस, मग काढ. मी वैतागून एकदा विचारलं, "उस्ताद, मी शिकायला आले का म्हशी धुवायला?" तुम्ही मान वर न करता म्हणालात, "पानी देख गे. बाकी बाद में." कितीतरी दिवस मी पाणी बघितलं. मग एका घरी स्वयंपाकघराचा ओटा घालायचा होता, तेव्हा तुम्ही मला पहिल्यांदा आत घेतलंत. घरमालक उंची सांगून कामावर निघून गेला. तुम्ही ती ऐकून घेतलीत, आणि तो गेल्यावर आतल्या बाईला म्हणालात, "भाभी, जरा कणिक मळून दाखवा." बाई लाजली. परात नव्हती, पीठ नव्हतं. तिने हवेतच कणिक मळली आणि तिचं तिलाच हसू आलं. तुम्ही मात्र गंभीरपणे तिच्या कोपराकडे बघत भिंतीवर खिळ्याने रेघ ओढलीत. ओटा त्या रेघेवर झाला. मला अजून तो ओटा आठवतो, त्यावरचा काळा दगड आठवतो, आणि दगड बसवल्यावर तुम्ही त्यावर तळहात टेकून जरा वेळ तसेच उभे राहिलात तेही.

आणि ती शिवी आठवते. मी भरलेलं घमेलं डोक्यावर घेऊन छज्ज्याच्या सळ्यांवर पाय टाकणार, एवढ्यात तुम्ही माझा दंड धरून मागे ओढलंत. माल सगळा सांडला. सगळ्यांदेखत तुम्ही माझ्या सात पिढ्यांचा उद्धार केलात. आई खाली मान घालून वाळू ओढत राहिली. दुपारी मी जेवायला आले नाही, तर तुम्ही स्वतःची भाकरी घेऊन माझ्यासमोर येऊन बसलात. "कायकू रोती गे? इधर देख." भाकरीची एक कड धरून तुम्ही ती आडवी धरलीत. दुसरी कड झुकली आणि तुमच्या बोटांपाशी, वरच्या अंगाला, चीर पडली. "उप्पर से फटी ना? तो लोहा काँ होना?" मी म्हटलं, वर. "हौ. छज्जा ऐसाच लटकता. पैर दिया, लोहा नीचे गया, उप्पर से माल भर दिया. किसको दिखता?" मग तीच भाकरी मोडून अर्धी मला दिलीत. खोलीच्या स्लॅबला लोखंड खालच्या अंगाला लागतं, छज्ज्याला वरच्या, हे मी इतक्या बॅचना शिकवलं. दर वेळी भाकरीच घेऊन शिकवलं. ह्याही बॅचला शिकवलं होतं. तरी.

शेडमध्ये स्लॅब शिकवता येत नाही. तो मातीचा घालून संध्याकाळी पाडता येत नाही. म्हणून साखऱ्यातल्या एका शेतकऱ्याचं घर ठरलं. सामान त्याचं, हात माझ्या पोरांचे. माल टाकायच्या दिवशी सकाळी मी स्वतः वर चढून एकेक सळई हाताने दाबून बघितली होती. छज्ज्याच्या सळ्या वर होत्या, जागच्या जागी बांधलेल्या होत्या. मिक्सर सुरू झाला, खोलीवर माल पडायला लागला आणि तेवढ्यात केंद्राचं काम बघायला वरच्या ऑफिसातून साहेब आले. खालून हाक आली, "मॅडम, फोटोला या." मी म्हटलं, छज्जा होऊ द्या, मग येते. "साहेबांना पुढं जायचंय हो, दोन मिनिटांचं काम हाय." मी उतरले. बाभळीला बॅनर बांधलेलं होतं, त्याच्यापुढे उभी राहिले. बायका पण शिकतात का, असं साहेबांनी कौतुकाने विचारलं, मी हसून उत्तर दिलं. पण उस्ताद, माझा सगळा जीव कानात होता. माल दाबायच्या मशीनची घरघर आधी खोलीच्या मधून येत होती, ती हळूहळू कडेला सरकली. छज्ज्यावर आली. तिथे थांबली. मी फोटोत हसत होते.

परत वर गेले तेव्हा छज्जा भरून, रंध्याने घोटून गुळगुळीत झालेला होता. मी विचारलं, सळ्या वरच होत्या ना? "व्हय मॅडम, बराबर." तिघाचौघांनी एकदम सांगितलं. फार लवकर सांगितलं. सेनगावकडची एक बाई आहे बॅचमध्ये, दोन लेकरांची आई, हात सगळ्यांत साफ. तिला बाजूला घेऊन पुन्हा विचारलं. ती म्हणाली, "काहून विचारून राहिल्या मॅडम परत परत? झालं ना चांगलं." माल आवळायला, घट्ट व्हायला लागला होता. सळईचा तुकडा खुपसून बघावं असं वाटलं, पण सगळ्यांचे चेहरे इतके फुललेले होते, आयुष्यातला पहिला स्लॅब, कुणी पेढे आणले होते. मी पेढा खाल्ला.

तेव्हापासून मला धड झोप नाही. मी काही ना काही निमित्त काढून साखऱ्याला जाते. स्लॅबवर पाण्याची आळी केलेली आहेत, छज्ज्यावर ओलं गोणपाट. तिकडे पाण्याची तकलीफ. टँकर उशिरा आला की घरमालकाची म्हातारी आई स्वतःच्या पिण्याच्या घागरीतलं पाणी गोणपाटावर नेऊन ओतायला सांगते. तिने आपली बाज आत्तापासूनच त्या छज्ज्याखाली, बल्ल्यांच्या मधोमध, आणून टाकली आहे. जुन्या पत्र्याच्या घरात उन्हाळाभर तिचा जीव नकोसा झाला होता. मला बघितलं की म्हणते, "या मॅडम. ह्यो सज्जा माझा हाय बरं का. खोल्या त्यायच्या, सज्जा माझा." मी तिच्याशी बोलते आणि माझी नजर वर जाते. छज्ज्याच्या पोटाला साच्याच्या लोखंडी प्लेटा लागलेल्या, दिसत काहीच नाही. वरून बघितलं तर केसाएवढी एक रेघ दिसते, मग वाटतं ही उन्हाने आली, मग वाटतं नाही, मग घरी येते, जेवताना ती रेघ ताटात दिसते. घरमालक दर वेळी विचारतो, "बल्ल्या कवा काढायच्या?" मी म्हणते, राहू द्या अजून, नुकसान काय आहे? तो म्हणतो, "बाकीच्यायच्या कवाच निघाल्या. काई प्रॉब्लेम हाय का मॅडम?" मी म्हणते, छे, कुठे काय.

तुमचा रिवाज मी पोरांना सांगून ठेवलेला आहे, हीच तर खरी पंचाईत. बल्ल्या निघाल्या की छज्ज्याखाली बसून चहा प्यायचा. आधी मिस्त्रीने, एकट्याने. त्याचा कप रिकामा झाला की बिगारी, आणि मग मालक. पोरांना ही गोष्ट फार आवडली. त्यांनी चहासाखर गोळा करून ठेवली आहे. मला मात्र औंढ्याचा दिवस आठवतो आहे. देवळाच्या वाटेवर यात्रेकरूंसाठी खोल्या बांधल्या होत्या आपण, पुढे लांब छज्जा होता. बल्ल्या काढल्यावर तुम्ही आम्हाला सगळ्यांना रस्त्यापलीकडे पाठवलंत आणि एकटे विटेवर बसलात. मी चहा द्यायला आले तर तुमच्या हातात बशी इतकी थरथरत होती की चहा पायजम्यावर सांडला. मी विचारलं, "उस्ताद, तुमाला भ्या वाटून राहिलं का?" तुम्ही म्हणालात, "चाय गरम है. जा उधर." मी तेव्हा खरंच चहा गरम आहे असं समजले. तुम्ही इतक्या वर्षांत एकदाही भीती वाटते असं म्हणाला नाहीत, म्हणून मला वाटायचं की शिकलं की भीती जाते. ती वाढते, उस्ताद. जितकं कळतं तितकी वाढते. हे तुम्ही सांगायला हवं होतं.

आज सकाळी मी एकाला छज्ज्याची शंका तेवढी बोलून दाखवली, भीती नाही. आमच्याकडे एक तरुण इंजिनिअर येतो, शांत स्वभावाचा. मला वाटलं हसेल. तो हसला नाही. म्हणाला, "शंका आहे तर विचारत बसू नका, भार टाकून बघू. बल्ल्या काढायच्या नाहीत, फक्त बोटभर खाली घ्यायच्या. मग छज्ज्यावर मातीची पोती ठेवायची. छज्जा खाली आला तर बल्ल्यांवर येईल, माणसावर येणार नाही." मी म्हटलं, आणि आला तर? पोरांचं काय? तो म्हणाला, "मॅडम, नाही आला तर तुम्हाला झोप लागेल." मला सांगता येत नाही, उस्ताद, मला कशाची जास्त भीती वाटते आहे. तो पडेल याची, का तो न पडता वर्षभराने, म्हातारी बाजेवर असताना पडेल याची. आणि एक भीती अशी आहे की पडला तर ही पोरं पुन्हा थापी हातात घेणार नाहीत. ठेवते आता. भिंत पाडायची वेळ झाली.

काल लिहिलं ते इथपर्यंत. आज साखऱ्याहून येऊन पुन्हा बसले आहे. कपडेसुद्धा बदललेले नाहीत.

म्हातारीला उठवणं हेच सगळ्यांत अवघड गेलं. "कशापाई? मी काय म्हणते त्याला?" शेवटी नातवाने तिला बाजेसकट उचलून लिंबाखाली नेलं. बल्ल्या बोटभर खाली घेतल्या, आधी बाहेरच्या कडेच्या, मग आतल्या. छज्जा जागचा हलला नाही. पोरांनी टाळ्या वाजवल्या. एक जण चहाचं पातेलं चुलीवर ठेवायला पळाला. मी म्हटलं, थांबा, पोती आणा. पहिली पोती ठेवली, काही नाही. मग दुसरी रांग. मी छज्ज्याकडे बघतच नव्हते, मी भिंतीशी जिथे तो जोडलेला असतो तिथे बघत होते, भाकरीला चीर पडली होती ती जागा, तुमच्या बोटांपाशी. आवाज झाला. मोठा नाही, सुकी काटकी मोडावी एवढा. वरच्या अंगाला भिंतीच्या कडेने चीर गेली आणि छज्जा तसाच्या तसा खाली बसून बल्ल्यांवर टेकला. मी तिथेच मातीत बसले.

घरमालकाचा तोल सुटला. "तवाच म्हनलो होतो, शिकाऊ लोकायच्या हातात घर देऊ नये." त्याचं काय चुकलं? इंजिनिअरने त्याला बाजूला नेऊन समजावलं की केंद्र पुन्हा घालून देईल. पोरांनी घण घेऊन छज्जा फोडला. सळ्या निघाल्या त्या पार तळाला, प्लेटांना जवळजवळ चिकटलेल्या. पुण्याच्या कंपनीतून परत आलेला एक जण आहे, तो हळूच म्हणाला, "मॅडम, मशीन धरून मीच हुबा होतो तिथं, सळ्यायवर. दुसरी जागाच नव्हती हुबं राहायला." आणि ती सेनगावची बाई रडायला लागली. "मॅडम, आमी बगितलंच नव्हतं. तुमी इचारलं, तर न्हाई म्हनायला भ्या वाटलं." म्हातारी लिंबाखालून सगळं बघत होती. ती रागावली नाही, काही नाही. तिने फक्त विचारलं, "मंग आता बाज कुठं टाकू?"

मी त्यांना रागावले नाही, उस्ताद. रागावणार कुणावर? येताना गाडीत एवढंच डोक्यात होतं की तुम्ही मला थापी दिलीत ती हात साफ झाला तेव्हा दिली नाहीत. हात तर कधीच साफ झाला होता. एकदा एका भिंतीबद्दल तुम्ही विचारलंत आणि मी म्हटलं, "उस्ताद, मला ठाऊक न्हाई, मी बगितलं न्हाई," त्याच्या दुसऱ्या दिवशी दिलीत. तुम्ही ओरडाल हे माहीत असून ते माझ्या तोंडून निघायला किती वर्षं लागली! माझ्याकडे काही आठवडे असतात. तेवढ्यात मी भिंत शिकवू शकते, गिलावा शिकवू शकते. माहीत नाही म्हणायला कधी शिकवू? आजही केंद्रात पोचले तर गेटाशी ठेकेदार उभा होता. साखऱ्याचं त्याला कळलेलं होतं. म्हणाला, "होतंय हो मॅडम, शिकताना. मला फक्त दोघं द्या, उद्यापासून." मी नाही म्हटलं. तो पोरांशी बोलायला आत गेला. ती जातील. घरी तोंडं खाणारी आहेत, मी कुणाला धरून ठेवणार?

आणि आधीच्या बॅचा? त्यांच्या वेळी फोटोला कोण आलं होतं, कोण नव्हतं, मला आठवत नाही. वसमतला आहेत, नांदेडला आहेत, पुण्यात आहेत, सगळे छज्जे घालताहेत. त्यांच्याखाली लोक बाजा टाकून बसले असतील, दुकानं मांडली असतील, लेकरं खेळत असतील. मी विचारलं तेव्हा त्या सगळ्यांनीही मला "व्हय मॅडम" म्हटलं होतं.

हे पत्र कुठे टाकायचं मला माहीत नाही. तुमच्या मुलांचा पत्ता माझ्याकडे नाही, आणि असता तरी असलं कुणाच्या मुलांना कशाला वाचायला द्यायचं? पेटीत राहील, ओळंब्याच्या खाली.

एक गोष्ट मात्र सांगून टाकते. आज परतताना बाजारात उतरले, आडतीसमोरच्या त्या दुकानापाशी. त्याचा छज्जा तुम्ही घातलेला, मी तुमच्याकडे यायच्याही आधीचा. ऊन मी म्हणत होतं. दुकानदार ओळखीचा, म्हणाला, "बाई, सावलीत या की." मी म्हटलं, नको, इथेच बरी आहे, आणि रस्त्यात उन्हात उभी राहिले. तुमच्या हातावर माझा भरवसा नाही असं नाही, उस्ताद. फक्त मनात आलं, तो छज्जा भरला त्या दिवशी तुम्हालाही कुणी खाली बोलावलं असेल का.